डुकरांतला हिपॅटायटिस ई : गोठ्यात काय करायचं, कत्तलीत काय, चुलीवर काय

प्रश्न असा आला आहे : "सावंतवाडीजवळ माझं वराहपालन आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लहानमोठी धरून ऐंशीच्या आसपास जनावरं. माल बहुतेक गोव्यात जातो. युरोपात डुकराच्या कलेजीतून हिपॅटायटिस ई पसरतो असं वाचलं. माझ्या डुकरांत तो असेल का? लस मिळते का? तपासणी करून घेऊ का? आणि गावात काविळीची साथ आली की लोक आमच्या गोठ्याकडे बोट दाखवतात, त्यांना काय सांगू?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो तुमच्या जिव्हारी लागलेला दिसतो आणि त्याचं उत्तर सगळ्यांत स्पष्ट आहे. गावात येणारी काविळीची साथ तुमच्या डुकरांमुळे येत नाही. ती पाण्यातून येते, आणि त्या पाण्यात मिसळलेला मैला माणसांचा असतो.

हिपॅटायटिस ई म्हणजे यकृताला सूज आणून कावीळ करणारा आजार, आणि या एकाच नावाखाली स्वभावाने अगदी वेगळे विषाणू मोडतात. जनुकांवरून त्यांचे पोटप्रकार पाडतात, त्यांना जिनोटाइप म्हणतात. जिनोटाइप 1 आणि 2 हे फक्त माणसांत फिरतात. रुग्णाच्या शौचातून गटारात, गटारातून फुटक्या पाइपात, पाइपातून घराघरांत, असा त्यांचा प्रवास. जिनोटाइप 3 आणि 4 मुळात डुकरांचे आणि रानडुकरांचे, थोडेफार हरणांचे. ते माणसात येतात तेव्हा बहुधा कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून येतात, आणि त्या माणसाकडून पुढे दुसऱ्याकडे सहसा जात नाहीत. म्हणून पहिल्या जोडीच्या साथी येतात आणि दुसऱ्या जोडीचे रुग्ण सुटेसुटे सापडतात.

आपल्या देशात साथी कुणी आणल्या हे नोंदलेलं आहे. 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात नाल्याचं सांडपाणी मिसळलं, ते थेट दिल्लीच्या पाणी उपसा केंद्रात शिरलं आणि काविळीचे सुमारे 29,000 रुग्ण झाले. साठवून ठेवलेली रक्तद्रव्यं पुढे तपासली तेव्हा तो हिपॅटायटिस ई होता हे कळलं. 2012 मध्ये इचलकरंजीत मोठी साथ आली, तीही पिण्याच्या पाण्यातूनच. आणि तुमच्या कामाचा सगळ्यांत मोठा पुरावा पुण्याचा आहे. तिथल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने पश्चिम भारतातल्या रुग्णांचे आणि डुकरांचे विषाणू शेजारी ठेवून त्यांची जनुकं वाचली आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापला : माणसांत जिनोटाइप 1, डुकरांत जिनोटाइप 4. साथ डुकरांतून आली असती तर दोन्हीकडे एकच विषाणू सापडला असता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी बोट दाखवलं तर भांडू नका, ग्रामसभेत उभं राहून विचारा की टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, कधी पडली, जलसुरक्षकाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, कधी केली, आणि नळाची पाइपलाइन कुठे गटारातून गेली आहे. गरोदर बायकांसाठी तर हे जीवनमरणाचं आहे. जिनोटाइप 1 ची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर पाचातली एक बाई दगावू शकते. गाव डुकरांच्या मागे लागलं की पाइप तसाच गळत राहतो, आणि मला त्याची खरी काळजी वाटते.

आता दुसरी बाजू. तुमचा गोठा साथीच्या आरोपातून सुटला म्हणजे डुकरातला विषाणू बिनधोक ठरला असं नाही. आपल्या डुकरांत जो जिनोटाइप 4 आहे तोच चीन आणि जपानमध्ये माणसांना आजारी पाडतो. युरोपात जिनोटाइप 3 ने 2005 ते 2015 या काळात 21,000 हून अधिक लोक आजारी पडल्याची नोंद आहे, 28 दगावले, आणि या काळात वर्षाकाठी नोंदले जाणारे रुग्ण जवळजवळ दसपट झाले. यातली काही वाढ जास्त तपासण्यांमुळे दिसते, तरी सगळी नाही. बहुतेक निरोगी माणसं या लागणीतून आपोआप बरी होतात, पुष्कळांना ती झाल्याचं कळतही नाही. ज्यांचं मूत्रपिंड किंवा यकृत बदललेलं आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांच्यात मात्र हा विषाणू ठाण मांडून बसतो. 2008 मध्ये फ्रान्समधल्या तुलूजच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. अशा रुग्णाचं यकृत काही वर्षांत निबर होऊ शकतं. एकाचं रक्त दुसऱ्याला देताना तो जाऊ नये म्हणून ब्रिटन, नेदरलँड्स आणि जर्मनी रक्तदात्यांचं रक्त आता त्यासाठी तपासतात.

आपल्याकडे डुकराकडून आलेले रुग्ण का दिसत नाहीत? माझं मत असं की आपण मांस रटरटून शिजवतो हे मोठं कारण आहे, आणि कावीळ झालेल्याच्या विषाणूचा जिनोटाइप शोधायला कुणी जात नाही हे दुसरं. पहिलं कारण जपण्यासारखं आहे. दुसऱ्यावर विसंबून राहू नये.

आता तुमचा पहिला प्रश्न : तुमच्या डुकरांत असेल का? असेल असं धरूनच चाला. जिथे जिथे शोधला तिथे तिथे तो सापडला आहे. इंग्लंडमध्ये कत्तलीला आलेल्या डुकरांपैकी शंभरातल्या नव्वदाहून अधिक जनावरांच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) खूण होती. आणि डुक्कर आजारी दिसत नाही. खाणं सुटत नाही, ताप नाही, वजन घटत नाही. पाळणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. अमेरिकेत 1997 मध्ये शास्त्रज्ञांनी तो डुकरांत शोधून काढला, तोवर या प्राण्यात असा काही विषाणू आहे हेच ठाऊक नव्हतं.

एका डुकराच्या आयुष्यात तो कसा येतो आणि जातो हे नीट समजून घ्या. माझा पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे.

पिल्लू जन्मतं, आईचा चीक पितं, आणि आईला पूर्वी लागण होऊन गेली असेल तर चिकातून मिळालेली प्रतिपिंडं त्याला साधारण दोन महिने वाचवतात. दूध तोडलेलं असतं, वेगवेगळ्या माद्यांची पिल्लं एका खणात आलेली असतात, आणि नेमकं तेव्हा हे कवच संपतं. दोन ते तीन महिन्यांच्या वयात लागण सुरू होते. विषाणू यकृतात वाढतो, पित्तातून आतड्यात उतरतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. रक्तात तो आठवडा-दोन आठवडे राहतो, विष्ठेतून तीन ते सात आठवडे पडत राहतो. शेजारचं पिल्लू त्याच फरशीवर तोंड घालतं आणि साखळी पुढे जाते. मग प्रतिकारशक्ती तयार होते, विष्ठा स्वच्छ होते, यकृत स्वच्छ होतं. पाच-सहा महिन्यांचं जनावर कत्तलीला जातं तेव्हा बहुतेकांत विषाणू उरलेला नसतो.

बहुतेकांत, सगळ्यांत नाही. ज्याला लागण उशिरा झाली त्याच्या कलेजीत तो त्या दिवशीही असतो. फ्रान्समध्ये 186 फार्मांवरच्या डुकरांची कत्तलीच्या वेळी तपासणी झाली. शंभरातल्या चार कलेज्यांत विषाणू मिळाला, पण फार्म मोजले तर शंभरातल्या चोवीस फार्मांच्या किमान एका कलेजीत तो होता. म्हणजे एक कलेजी घेतली तर धोका थोडा, आणि अनेक फार्मांच्या कलेज्या एकत्र वाटून सॉसेज केलं तर एक वाईट कलेजी सगळ्या घाण्यात मिसळते.

यातून लक्ष्य ठरतं. हा विषाणू कळपातून समूळ काढायचा नाद सोडा. आजच्या साधनांनी तुमच्यासारख्या खुल्या वस्तीतल्या गोठ्यात ते जमणार नाही. लक्ष्य एकच ठेवा : कत्तलीच्या दिवशी कलेजीत आणि आतड्यात विषाणू नसावा. लागण व्हायचीच असेल तर ती लवकर होऊन संपलेली असावी. अर्धवट उपायांनी इथेच घात होतो. पिल्लं थोडी कमी मिसळली, फरशी अधूनमधून धुतली, आणि लागण तिसऱ्या महिन्याऐवजी पाचव्यात ढकलली गेली, तर गोठा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतो आणि कत्तलीला जाणारी कलेजी पूर्वीपेक्षा वाईट असते. म्हणून जे करायचं ते शेवटपर्यंत करा.

सुरुवात पिल्लांची सरमिसळ थांबवण्यापासून. एका मादीची पिल्लं जास्त झाली म्हणून दुसरीखाली लावायची असतील तर ती जन्मानंतर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत, चीक पोटात गेल्यावर, आणि शक्य तेवढी कमी. त्यानंतर नाही. दूध तोडल्यावर भावंडं एकत्रच ठेवा. आपल्याकडे एक सवय सर्रास दिसते : खणात एखादं पिल्लू मागे पडलं की त्याला पुढच्या, लहान पिल्लांच्या गटात टाकतात, म्हणजे ते त्यांच्या बरोबरीने खाईल. तीन महिन्यांचं, विषाणू टाकत असलेलं पिल्लू दोन महिन्यांच्यांत आणून सोडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. मागे पडलेलं पिल्लू वेगळ्या खणात वाढवा किंवा त्याच्याच गटात ठेवा. लहान पिल्लांच्या गटात टाकू नका.

मग फरशी. खण रिकामा झाला की लोक होजपाइपने पाणी मारतात आणि त्यावर ब्लीचिंग पावडर भुरभुरतात. फरशी ओली असताना ती स्वच्छ वाटते. वाळल्यावर गव्हाणीच्या खालच्या कडेला, गजांच्या सांध्यांत आणि पाणी पिण्याच्या निपलच्या मागे हात फिरवून बघा, बोटाला करडा, तेलकट थर लागतो. त्या थरावर टाकलेलं क्लोरीन घाणीतच संपून जातं, विषाणूपर्यंत पोचत नाही. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नाही, म्हणून अल्कोहोलसारख्या द्रव्यांना तो दाद देत नाही, आणि थंड ओलसर जागी बरेच दिवस टिकतो. म्हणून क्रम पाळा : खण पूर्ण रिकामा, सुकी विष्ठा खरवडून काढलेली, साबणाच्या पाण्याने ब्रशने घासलेला, धुतलेला, वाळलेला, मग ताजं क्लोरीनचं पाणी, आणि परत पूर्ण वाळेपर्यंत रिकामा. कोकणातल्या पावसाळ्यात वाळणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. जमलं तर पिल्लांचे दोन खण आलटून पालटून वापरा, म्हणजे एकाला वाळायला वेळ मिळतो. लहान पिल्लांच्या भागात जाताना गमबूट आणि फावडं वेगळं ठेवा, आणि कामाची फेरी नेहमी लहानांकडून मोठ्यांकडे काढा.

दुसऱ्या आजारांचा संबंध बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पीआरआरएस हा डुकरांचा श्वसनाचा आणि गर्भपाताचा विषाणू प्रतिकारशक्ती कमकुवत करतो. फ्रेंच संशोधकांनी पिल्लांना दोन्ही विषाणूंची लागण एकत्र केली, तेव्हा हिपॅटायटिस ई विष्ठेतून बाहेर पडण्याचा काळ सुमारे पाचपट लांबला. एरवी काही आठवड्यांत आटोपलं असतं ते कत्तलीपर्यंत रेंगाळू शकतं. भारतात पीआरआरएस 2013 मध्ये मिझोरममध्ये पहिल्यांदा आढळला. म्हणून बाहेरून जनावर आणताना, विशेषतः ईशान्येकडून किंवा अनोळखी दलालाकडून, महिनाभर वेगळं ठेवून तपासल्याशिवाय कळपात घालू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा ताप 2020 पासून देशात आहे, त्यासाठीही तुम्हाला हे करायचंच आहे. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर उकळूनच घाला, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच.

कत्तलीचं वय. नाताळच्या किंवा फेस्ताच्या तोंडावर भाव चढला की चार महिन्यांची जनावरंही गाडीत चढतात. याला माझा विरोध आहे. लवकर कापलेल्या जनावराच्या कलेजीत विषाणू सापडण्याची शक्यता जास्त, हे फ्रान्समधल्या अभ्यासातही दिसलं. सहा महिने पूर्ण होऊ द्या.

विष्ठेचं पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा खाडीकडे सोडू नका. कोकणात खाडीला तिसऱ्या आणि कालवं आहेत, आणि शिंपल्यातले जीव दिवसभर पाणी गाळत जगतात, पाण्यातला विषाणू त्यांच्या अंगात साठतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत हा विषाणू सापडलेला आहे. घट्ट विष्ठा पालापाचोळ्याबरोबर थर देऊन, आतून हात पोळेल इतकी तापू देऊन कुजवा, आणि कच्चं खत पालेभाजीला घालू नका.

कत्तलीत एक गोष्ट खाटकाकडून आवर्जून करून घ्या. पित्ताची पिशवी न फुटता कलेजीपासून सोडवली पाहिजे आणि आतडी बांधून बाहेर निघाली पाहिजेत. लागण झालेल्या जनावरात विषाणू पित्तात आणि आतड्यात असतो, आणि पित्त मांसावर सांडलं तर निम्मी मेहनत वाया जाते. आतडी सोडवायची सुरी वेगळी. हातमोजे, आणि नंतर साबणाने चोळून हात धुणं, हे खाटकासाठीही आणि तुमच्यासाठीही. अमेरिकेत डुकरांचं काम करणाऱ्या पशुवैद्यकांत या विषाणूच्या खुणा रक्तदात्यांच्या दीडपट आढळल्या होत्या. घरात कुणाचं मूत्रपिंड बदललेलं असेल, कुणी गरोदर असेल, तर त्यांना विष्ठेच्या आणि कत्तलीच्या कामापासून दूर ठेवा.

आता चूल. शेवटचं आणि सगळ्यांत भरवशाचं कुलूप तिथेच लागतं. विषाणू असलेली कलेजी 56 अंशांवर तासभर ठेवली तरी तो जिवंत राहिला. तीच पाच मिनिटं उकळली किंवा आतपर्यंत 71 अंश होईल अशी तळली तेव्हा तो मेला. पण चरबी घालून वाटलेल्या मिश्रणात त्याला पूर्ण मारायला 71 अंशांवर वीस मिनिटं लागली, कारण चरबी त्याला सांभाळते. म्हणून मी घरासाठी साधं सांगतो : कलेजी आतून गुलाबी राहता कामा नये. कुकरला लावली किंवा तुकडे करून पाण्यात खळखळून उकळली तर प्रश्नच मिटतो. तव्यावर झटपट परतलेली कलेजी मात्र फसवी असते, बाहेरून करपते आणि मध्ये सुरी घातली की लालसर रस येतो.

गोव्याची सोरपोतेल या बाबतीत चांगली आहे. मांस आणि कलेजी आधी उकडायची, मग बारीक कापून तळायची, मग मसाल्यात पुन्हा शिजवायची. तीन वेळा उष्णता मिळते. चोरीस, म्हणजे गोव्याचा सॉसेज, वेगळा. तो मिठा-मिरचीत, व्हिनेगरमध्ये मुरवून उन्हात किंवा धुरावर वाळवतात. त्या आंबटपणाने आणि वाळवण्याने विषाणू मरतो असं धरू नका, आंबटपणा तो सोसतो. जठरातून जिवंत बाहेर पडतो तो त्यामुळेच. चोरीस शिजवूनच खायचा, आणि घरोघर बहुतेक शिजवूनच खातात. कॉर्सिका बेटावर फिगातेल्ली नावाचा असाच वाळवलेला सॉसेज डुकराच्या कलेजीपासून करतात, काही लोक तो न शिजवता खातात, आणि तिथूनच लागण झाल्याचं 2010 मध्ये दाखवलं गेलं. तिथे आता वेष्टनावर 'पूर्ण शिजवून खा' असं लिहितात. तुम्ही कलेजी घातलेला माल कुणाला पुरवत असाल तर मराठीत आणि कोंकणीत हेच लिहून लावा.

लग्नाला अख्खं भाजलेलं पिल्लू देता ना? सहा आठवड्यांचं, आईच्या अंगावरचं पिल्लू बहुधा आईच्या कवचाखाली असतं. ऑर्डर मोठी आहे म्हणून अडीच-तीन महिन्यांचं देऊ नका, ते वय नेमकं लागणीचं आहे. आणि पोटात भरलेलं सारण, त्यात कलेजी असेल तर, आधी वेगळं शिजवून मगच भरायला सांगा. अख्ख्या पिल्लाच्या मध्यापर्यंत उष्णता सगळ्यांत शेवटी पोचते.

कायद्याचा बडगा लागतो तोही कच्च्या खाण्यासाठी. जपानने 2012 मध्ये गाईची कच्ची कलेजी हॉटेलांत देण्यावर बंदी घातली. लगेच काही हॉटेलांनी तिच्या जागी डुकराची कच्ची कलेजी द्यायला सुरुवात केली, म्हणजे धोका उलट वाढला, आणि 2015 च्या जूनमध्ये डुकराचं कच्चं मांसही बंद करावं लागलं. होक्काइदोत तर त्याआधीच, 2003 मध्ये, दुकानांत विकायला ठेवलेल्या 363 पाकिटांपैकी 7 कलेज्यांत विषाणू मिळाला होता.

लशीबद्दल थोडक्यात. डुकरांसाठी बाजारात लस नाही. कुणी विकायला आलं तर घेऊ नका. माणसांसाठी एक लस आहे, चीनने 2011 मध्ये तिला परवानगी दिली, तीन डोस लागतात, आणि 2022 मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतिऊमधल्या साथीत ती वापरली गेली. ती तुमच्या जनावरांना टोचायची नाही.

तपासणी करायची असेल तर पैसे योग्य जागी घाला. रक्तातली प्रतिपिंडं तपासू नका, बहुतेकांत ती असणारच आणि तुम्हाला काहीच नवीन कळणार नाही. कत्तलीच्या आठवड्यात, गाडी भरण्याआधी, प्रत्येक खणातून ताजी विष्ठा पाच-सहा ठिकाणची एकत्र करून घ्या, बर्फात ठेवा आणि आरटी-पीसीआर करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. तुमच्या तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालय नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील. नमुना न्यायच्या आधी त्यांना फोन करून डबी आणि बर्फाची सोय विचारून घ्या. एखाद्या खणात विषाणू निघाला तर तो गट दोन-तीन आठवडे थांबवा आणि पुन्हा तपासा. थांबवणं परवडत नसेल तर त्या गटाच्या कलेज्या आणि आतडी विकू नका, मांस तेवढं शिजवून खाण्यासाठी जाऊ द्या. आणि निघालेल्या खणाच्या पिल्लांची सरमिसळ कधी झाली होती ते तुमच्या वहीत मागे जाऊन बघा, बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं सापडतं. वही नसेल तर आजच सुरू करा : पिल्लाचा जन्म, आई, दूध तोडल्याची तारीख, कोणत्या खणात, कुणाबरोबर.